‘आमचं कार्ड घेणारी डॉक्टर मिळेल का?’

ताई, मी भोसरीत राहते, वय २६. सहावा महिना संपत आलाय, तारीख मेच्या मध्याची दिलीय. पहिली मुलगी साडेतीन वर्षांची आहे, ती माहेरी औशाला सिझरने झाली. मिस्टर एका कंपनीत कंत्राटी कामगार आहेत. पगार १७,८०० आहे, त्यातून ईएसआयचे १३४ रुपये कापतात. आत्तापर्यंत घराजवळच्या नर्सिंग होममध्ये दाखवत होते. मॅडम चांगल्या आहेत, पण बाळंतपणाचे ७० हजार सांगितले. ईएसआयचं कार्ड दाखवलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “हे इथे चालत नाही.” अजून दोन ठिकाणी विचारलं, तिथेही तेच. शेजारच्या वहिनी म्हणतात पाच लाखांचं कार्ड काढ, ते सगळीकडे चालतं. जाऊबाई म्हणतात ईएसआयला जाऊ नकोस, तिथे कोणी बघत नाही. आई म्हणते सरळ औशाला ये. मी पण दिवाळीपर्यंत दोन वर्षं एका पॅकिंगच्या कंपनीत होते, तिथेही ईएसआय कापायचे. उलट्या फार व्हायला लागल्या म्हणून सोडलं. आमचं कार्ड घेणारी चांगली लेडी डॉक्टर कुठे मिळेल?
— एक वाचक, भोसरी

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा ७० हजारांच्या आकड्यावर थांबले. दुसऱ्यांदा थांबले ते “मी पण दिवाळीपर्यंत कामाला होते” या ओळीवर. तू ती जाता जाता लिहिलीस, पण तिच्यात तुझ्या हक्काचे पैसे आहेत. तिकडे मी येतेच. आधी डॉक्टरचं बघू.

सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून मी २७ वर्षं काम केलं. “आमचं कार्ड कुठली डॉक्टर घेते?” हा प्रश्न इतक्या बायकांनी विचारला आहे, की तो कुठून येतो हे मला नीट कळतं. ऑफिसातल्या लोकांचा मेडिक्लेम तसा चालतो. हॉस्पिटल निवडायचं, काउंटरवर कार्ड द्यायचं, ते चालतं किंवा चालत नाही. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, तिचं तसं नाही. हे कार्ड डॉक्टरशी बांधलेलं नसतं, दवाखान्याशी बांधलेलं असतं. तुझ्या मिस्टरांच्या ई-पहचान कार्डाच्या कागदावर त्यांचा दहा आकडी विमा क्रमांक असतो आणि एका दवाखान्याचं नाव असतं. तुझी वाट तिथून सुरू होते. त्या दवाखान्यात तुझा केस पेपर निघतो, तिथले डॉक्टर तुला ईएसआयच्या हॉस्पिटलला पाठवतात आणि स्त्रीरोगतज्ज्ञ तुला तिथे भेटते. हॉस्पिटलात एखादी सोय नसेल, म्हणजे त्या दिवशी भूलतज्ज्ञ नसेल किंवा बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची व्यवस्था नसेल, तर तेच डॉक्टर करार असलेल्या खाजगी हॉस्पिटलच्या नावाने चिठ्ठी देतात. त्या चिठ्ठीवर खाजगी हॉस्पिटलातही तुझ्याकडून पैसे घेतले जात नाहीत. म्हणून काउंटरवरची मुलगी खोटं बोलली नाही. नुसतं कार्ड तिथे खरंच चालत नाही. करार असलेल्या ठिकाणी चिठ्ठी चालते.

ही चिठ्ठी भरती होण्याआधी हातात असली पाहिजे. एक मुलगी मला अजून आठवते. प्लास्टिकच्या पिशवीत कार्ड, आधार, रेशनकार्ड सगळं नीट घडी घालून माझ्या टेबलाशी आली. सिझर होऊन चौथा दिवस होता. नवऱ्याने डिपॉझिट भरायला मोटरसायकल विकली होती. दुसऱ्या हॉस्पिटलात बाळंत झाली होती आणि आता बिलावर ईएसआयचा शिक्का कुठे मारून मिळेल हे विचारायला आली होती. कागद सगळे होते, फक्त चिठ्ठी नव्हती, आणि मागच्या तारखेची चिठ्ठी कोणी देत नाही. मी चार ठिकाणी फोन केले, काही झालं नाही. तिच्या हातातली ती पिशवी मी विसरू शकत नाही. तुझ्या हातात अजून तीन महिने आहेत, म्हणून एवढं सांगते आहे.

आता तुझं गाव. भोसरीहून तुला जवळचं ईएसआयचं हॉस्पिटल म्हणजे चिंचवडचं, मोहननगरमधलं. पण तिथे थेट जाऊ नकोस, आधी कार्डावर लिहिलेला दवाखाना गाठ. हा दवाखाना बरेचदा कंत्राटदाराने स्वतःच्या सोयीने भरलेला असतो, कामगाराच्या घरापासून लांबचा. तसं असेल तर तो बदलून मिळतो. कुटुंब वेगळ्या गावात राहत असेल तर कुटुंबासाठी वेगळा दवाखानाही लावून घेता येतो.

जाण्याआधी घरी बसून एक गोष्ट तपास. मिस्टरांच्या कार्डावर तुझं आणि मुलीचं नाव आहे का? असेल तर कसं लिहिलंय? लग्नानंतर आपली नावं दोन होतात. आधारवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, कार्डावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. खिडकीवरचा माणूस म्हणतो, “ही तुम्हीच कशावरून?” आणि एवढ्यासाठी बाई परत फिरते, तो दिवस वाया जातो. विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेव. काढलेला नसेल तर आत्ताच अर्ज करा. कुटुंबाची नावं घालायचं काम कंत्राटदाराच्या ऑफिसातून होतं, मिस्टरांना स्वतःला ईएसआयच्या संकेतस्थळावरूनही करता येतं. कंत्राटदार “करतो, करतो” म्हणत राहिला तर शाखा कार्यालयात जा.

कंत्राटी कामगारांच्या घरी आणखी एक घोळ मी फार पाहिला. कंत्राटदार बदलला की नवा माणूस जुना क्रमांक न विचारता नवा क्रमांक काढतो. एका माणसाचे दोन क्रमांक होतात, जुनी वर्गणी एकीकडे आणि नवी दुसरीकडे, आणि नेमकं गरजेच्या वेळी हिशोब अपुरा दिसतो. मिस्टरांचा विमा क्रमांक आयुष्यभर एकच असतो. गेल्या वर्षात कंत्राटदार बदलला असेल तर दोन्ही पगारपत्रकं समोर ठेवून क्रमांक जुळतो का ते बघ.

ते १३४ रुपये नियमाप्रमाणेच कापले जातात. पगाराच्या ०.७५ टक्के कामगाराचे, ३.२५ टक्के मालकाचे. म्हणजे तुमच्या नावावर दर महिन्याला मालकाकडून आणखी ५७९ रुपये जातात. हे सांगते एवढ्यासाठी, की त्या दवाखान्यात तुम्ही कोणाच्या उपकाराने उभे राहत नाही. दोघांचे मिळून महिन्याला ७१३ रुपये भरलेले असतात.

पहिलं बाळंतपण सिझरचं, म्हणून तुझ्यासाठी डॉक्टरपेक्षा जागा महत्त्वाची आहे. सिझर झालेल्या बाईचं पुढचं बाळंतपण अशाच ठिकाणी व्हावं, जिथे रात्री दोन वाजताही ऑपरेशन करता येईल, भूलतज्ज्ञ येऊ शकेल आणि रक्त मिळेल. मॅडम कितीही चांगल्या असोत, त्या एकट्या पुरत नाहीत. ईएसआय हॉस्पिटलच्या पहिल्या भेटीतच स्पष्ट विचार: माझं आधीचं सिझर आहे, माझं बाळंतपण इथे होईल की पुढे पाठवाल? पाठवाल तर कुठे, आणि चिठ्ठी कधी देणार? हे आठव्या महिन्यात ठरलेलं असू दे. कळा सुरू झाल्यावर नको. यावेळी नॉर्मल होईल का, हेही तिथल्याच डॉक्टरांना विचार. काहींचं होतं, काहींचं होऊ देणं धोक्याचं असतं. ते पहिल्या वेळचं सिझर का झालं आणि गर्भाशयावर छेद कसा घेतला होता यावर अवलंबून असतं. ही माहिती तुझ्या औशाच्या डिस्चार्ज कार्डावर असायला हवी. तो कागद मागव. व्हॉट्सॲपवर फोटो आला तरी मूळ कागदही येऊ दे.

आणि नर्सिंग होममधल्या तपासण्या लगेच थांबवू नकोस. ईएसआयला नाव लागून पहिली तपासणी होईपर्यंत त्या मॅडमकडेच जा. त्यांच्याशी मोकळं बोल, “मॅडम, एवढे पैसे जमणार नाहीत, मी ईएसआयला नाव घालतेय, माझे रिपोर्ट मला द्या.” चांगली डॉक्टर यावर रागवत नाही. रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, सगळ्या सोनोग्राफी आणि इंजेक्शनच्या तारखा, सगळं एका फाइलला लाव. आशाताईंकडून माता-बाल संरक्षण कार्ड घेतलं नसशील तर तेही घे.

जाऊबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. रांग असते, बाकावर दोन-दोन तास जातात, कधी कोणी वसकन बोलतं. पोट घेऊन उभी असलेल्या बाईवर ओरडलेलं मी स्वतः ऐकलं आहे आणि त्या सिस्टरला बाजूला घेऊन बोललेही आहे. पण “तिथे कोणी बघत नाही” हे खरं नाही. दिवसाला अनेक बाळंतपणं बघणाऱ्या डॉक्टरांचा हात बसलेला असतो, आणि अडचणीच्या वेळी मला तो हात हवासा वाटतो. सकाळी लवकर जा, डबा आणि पाणी ने, एकटी जाऊ नकोस. आणखी एक, जे फार थोड्या बायकांना माहीत असतं: सरकारी ठिकाणी प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक बाई ठेवायला केंद्र सरकारने २०१६ मध्येच परवानगी दिली आहे. ती बाई स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, एवढी अट. जाऊबाईंनाच विचार. त्यांना काळजी आहे म्हणूनच त्या बोलल्या, तर त्याच जवळ उभ्या राहू देत. हॉस्पिटलात आधी विचारून ठेव, म्हणजे दारात अडवाअडवी होणार नाही.

शेजारच्या वहिनींचं पाच लाखांचं कार्ड म्हणजे आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. राज्याने २०२३ मध्ये दीड लाखाची मर्यादा पाच लाख करायचा निर्णय घेतला, म्हणून सगळीकडे त्याचीच चर्चा आहे. कार्ड जरूर काढ, घरातल्या कोणालाही उपयोगी पडेल. पण ते सगळीकडे चालत नाही. ते चालतं योजनेत असलेल्या हॉस्पिटलात, यादीतल्या उपचारांना, आणि भरती झाल्यावर. दर महिन्याचं चेकअप, सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या त्यात येत नाहीत. या योजनेच्या हॉस्पिटलात ‘आरोग्यमित्र’ बसतात. बाळंतपणात काही गुंतागुंत निघाली आणि अशा ठिकाणी जावं लागलं, तर डिपॉझिट भरण्याआधी त्यांना गाठ आणि “या उपचाराला योजना लागू आहे का?” एवढं विचार. योजनेचा क्रमांक १५५३८८.

ईएसआयच्या कागदांत काही अडलंच तर तुझ्यासाठी आणखी एक दार उघडं आहे, आणि त्याला कार्डच लागत नाही. सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत असतं. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरून हॉस्पिटलला व परत घरी नेणं, सगळं त्यात धरलेलं आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तर १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचारच निःशुल्क आहेत. तुझ्या बाजूला औंधचं जिल्हा रुग्णालय आहे, पिंपरीत महापालिकेचं वायसीएम आहे. शिवाय दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदर बायकांची तज्ज्ञ डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. येत्या ९ तारखेला जाऊन ये. ईएसआयचे कागद जुळेपर्यंत तेवढीच एक तपासणी पदरात पडेल. नाव दोन ठिकाणी असलं म्हणून काही बिघडत नाही. फाइल मात्र एकच ठेव, आणि सगळीकडे तीच दाखव.

आता तुझी ती ओळ.

तू दोन वर्षं पॅकिंगला होतीस आणि ईएसआय कापत होते. म्हणजे तू फक्त विमाधारकाची बायको नाहीस, तू स्वतः विमाधारक आहेस. तुझा स्वतःचा दहा आकडी क्रमांक आहे. विमाधारक बाईला बाळंतपणात २६ आठवड्यांचा प्रसूती लाभ मिळतो, म्हणजे जवळजवळ सहा महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम. यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधीचे घेता येतात. दुसऱ्या अपत्यापर्यंत पूर्ण २६ आठवडे मिळतात, आणि हे तुझं दुसरंच आहे. अट वर्गणीच्या दिवसांची आहे. ज्या लाभकाळात बाळंतपण येतं, त्याच्या आधीच्या दोन वर्गणीकाळांत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी लागते.

हे काळ समजून घे, अवघड नाही. एप्रिल ते सप्टेंबर भरलेली वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये उपयोगी पडते. ऑक्टोबर ते मार्च भरलेली जुलै ते डिसेंबरमध्ये. तुझी तारीख मेची आहे, म्हणजे लाभकाळ जानेवारी ते जून आणि हिशोब मागच्या एप्रिल ते सप्टेंबरचा आणि त्याआधीच्या ऑक्टोबर ते मार्चचा. या दोन्ही काळांत तू रोज कामावर जात होतीस. ७० दिवस केव्हाच पार झालेले असणार. दिवाळीत काम सोडलंस म्हणून हा हक्क आपोआप बुडत नाही. “आता तुम्ही कामावर नाही, तुम्हाला काही मिळणार नाही” असं कोणी तोंडी सांगितलं तर घरी परत येऊ नकोस. अर्ज दे, पोच घे, आणि नकार द्यायचा असेल तर लेखी द्या म्हण.

यासाठी दवाखाना नाही, ईएसआयचं शाखा कार्यालय लागतं. औषधोपचार दवाखान्यात, पैसे शाखेत. जुनी पगारपत्रकं, आधार, स्वतःच्या नावाचं बँक पासबुक आणि दवाखान्यातून मिळणारा गरोदरपणाचा व अपेक्षित तारखेचा दाखला, एवढं घेऊन जा. पगारपत्रकं फेकली असतील तर जुन्या कंपनीच्या ऑफिसातून तुझा क्रमांक मागून घे. बँकेचं खातं वापरात नसेल तर आधी ते चालू कर. शाखेत गोंधळ झाला तर ईएसआयचा मोफत क्रमांक १८००-११-२५२६ आहे.

आईकडे जाण्याबद्दल. दुसऱ्या खेपेलाही माहेरी जावंसं वाटणं मला कळतं. तेल लावायला, पहाटे बाळ घेऊन बसायला आईसारखं कोणी नाही. पण हे सिझरनंतरचं बाळंतपण आहे, आणि भोसरीहून औशाचा रस्ता लांबचा. आठव्या-नवव्या महिन्यात तो प्रवास मी तुला करू देणार नाही. त्यापेक्षा आईलाच मेच्या सुरुवातीला इकडे बोलाव आणि सव्वा महिन्यानंतर दोघी मिळून औशाला जा. तरीही जायचंच ठरलं, तर डॉक्टरांना विचारून आठवा लागण्याआधी जा आणि तिकडच्या रुग्णालयात लगेच नाव घाल. जिथे ईएसआयची बाळंतपणाची सोय नाही अशा ठिकाणी बाळंतपण झालं, तर खर्चापोटी ७,५०० रुपये मिळतात, दोन बाळंतपणांपर्यंत. बिलं आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवायचं.

हे सगळं शांत दिवसांसाठी आहे. अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, जुन्या टाक्यांच्या जागी दुखायला लागलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर कार्ड, चिठ्ठी, दवाखाना काही शोधायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं. कागद मिस्टर नंतर आणतील. अशा वेळी खाजगीत झालेल्या खर्चाचा दावाही ईएसआयकडे करता येतो. पैसे ठरलेल्या दरानेच मिळतात, पूर्ण बिल मिळत नाही. ईएसआयला लगेच कळवायला मात्र हवं. हे मिस्टरांना आजच वाचायला दे, कारण त्या वेळी धावपळ त्यांना करायची आहे.

सोमवारी मिस्टरांना अर्धा दिवस सुटी काढायला सांग. दवाखाना दोघांनी मिळून करा. शाखा कार्यालयात तुला स्वतःच्या नावाने बोलायचंय, तेव्हा तिथे पुढे तू हो. शाखेत काय म्हणाले ते मला कळव. त्यांनी नकार दिला तर त्यांच्या शब्दांत लिहून पाठव, पुढचा अर्ज कसा लिहायचा ते मी सांगेन.

तुझी,
ताई